टेहळणीपासून सट्ट्यापर्यंत

पगाराच्या आठवड्यात दोह्याच्या नजमा भागात एक्स्चेंजच्या काउंटरवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो : आज रेट काय आहे? कतारचा रियाल एका डॉलरला ३.६४ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे काचेवर झळकणारा रियाल-रुपयाचा आकडा हा मुळात डॉलर-रुपयाचाच आकडा असतो. रुपया आणखी घसरला तर घरी चार पैसे जास्त पोचतील, या हिशेबाने कोणी दोन दिवस थांबतो. त्याच्या या थांबण्याला इंग्रजीत क्रियापद आहे ‘स्पेक्युलेट’. दर आठवड्याला मुदत संपणारे निर्देशांकाचे ऑप्शन घेऊन तासाभरात विकणारा मुंबईचा तरुण जे करतो, त्यालाही हेच क्रियापद. विश्वाच्या आरंभाविषयी तर्क लढवणाऱ्या तत्त्वज्ञासाठीही हेच. तीन माणसे, तीन निराळ्या कृती आणि शब्द एकच. हा निव्वळ योगायोग नाही. या शब्दाचा प्रवास पाहिला की पैजेला प्रतिष्ठा कशी मिळाली ते कळते, आणि ती प्रतिष्ठा कोणाला द्यावी, कोणाकडून काढून घ्यावी, याची कसोटीही हाती लागते.

लॅटिनमध्ये ‘स्पेक्युला’ म्हणजे टेहळणीचा बुरूज. रोमन सैन्यात पुढे जाऊन शत्रूचा माग काढणाऱ्या हेराला ‘स्पेक्युलातोर’ म्हणत. तेव्हा मूळ कृती डोळ्यांची आणि जोखमीची होती. हेराने चुकीचे पाहिले तर पहिला बाण त्यालाच लागायचा. पुढे हाच शब्द धर्मचिंतकांच्या आणि तत्त्वज्ञांच्या हाती गेला आणि चर्मचक्षूंऐवजी बुद्धीच्या डोळ्याने पाहणे असा त्याचा अर्थ झाला. इंग्रजीत नाम आधी आले, क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळले. पुराव्याचा आधार सोडून केलेला तर्क अशी निंदेची छटाही त्याला पुढे चिकटली, पण मान कायम राहिला. स्पेक्युलेट करणारा माणूस म्हणजे दूरचे पाहणारा, विचार करणारा माणूस.

व्यापारी अर्थ मात्र उशिरा आला, आणि हा उशीर फार बोलका आहे. १७२० मध्ये लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला. आज ज्याला आपण बेधडक स्पेक्युलेशन म्हणू, ते सगळे त्या वर्षी घडले होते, पण लोकांच्या तोंडी शब्द होता ‘स्टॉक-जॉबिंग’, आणि तो शिवीसारखा वापरला जाई. १७३४ मध्ये ब्रिटनच्या संसदेने त्याविरुद्ध कायदा केला, तेव्हा कायद्याच्या नावातच या धंद्याला नीच ठरवले होते. १७७६ मध्ये ॲडम स्मिथ लिहितो तोवर भाषा बदललेली दिसते. तो ‘स्पेक्युलेशनच्या व्यापाराबद्दल’ लिहितो. या व्यापाऱ्याला ठरावीक धंदा नसतो. तो यंदा धान्यात असतो, पुढल्या वर्षी दारूत, त्यानंतर साखरेत किंवा तंबाखूत. जिथे नफा नेहमीपेक्षा जास्त होईल असे दिसते तिथे शिरतो आणि तो उतरणीला लागेलसे वाटताच बाहेर पडतो. स्मिथच्या वर्णनात पाहणे शिल्लक आहे आणि मालही आहे. तिथे हा शब्द शोभतो. पण एकदा तो बाजारात आल्यावर, ज्याने काही पाहिले नव्हते आणि ज्याच्यापाशी काही माल नव्हता, त्यालाही तो मिळाला. धंदा जुनाच राहिला, त्याच्या अंगावर तत्त्वज्ञाची शाल आली.

पाहून केलेला सौदा कसा असतो, हे समजून घ्यायला कतारइतकी चांगली जागा नाही. तेल सापडण्यापूर्वी हा देश मोत्यांवर जगत होता आणि त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती. मोत्यांचा व्यापारी, म्हणजे तव्वाश, लाल कापडात बांधलेली पुरचुंडी उघडून मोती पाहायचा. पितळी चाळण्यांतून ते आकारानुसार वेगळे करायचा, रंग, झळाळी आणि गोलाई डोळ्यांनी जोखायचा, वजनावरून ‘चव’ नावाच्या मापात मोल काढायचा आणि मुंबईत काय भाव मिळेल याचा अदमास बांधून स्वतःचे पैसे घालायचा. हा सट्टाच, पण बुरुजावरच्या माणसाचा. त्याच व्यवहाराची दुसरी बाजू मात्र काळी होती. नोखदा, म्हणजे आपल्या कोकणातल्या नाखव्याचा सख्खा शब्दबंधू, पाणबुड्यांना हंगामाआधी उचल द्यायचा. भाव पडला की उचल फिटत नसे आणि आखातात अनेक ठिकाणी बापाचे कर्ज मुलाच्या मानेवर बसत असे. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांनी हा व्यापार मोडला, तेव्हा व्यापारी तर बुडालेच, पण भाव ठरवण्यात ज्यांना कधी तोंडही उघडता आले नव्हते, ते पाणबुडे सर्वांत खोल बुडाले. म्हणजे नुसते पाहणे पुरेसे नाही. अंदाज चुकला तर भरपाई कोण करतो, हेही विचारावे लागते.

मुंबईने याच प्रश्नाचे उत्तर १८६५ मध्ये फार महाग विकत घेतले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आपल्या कापसाचे भाव कडाडले आणि शहरात पैशाचा पूर आला. सुरुवातीला सौद्यामागे कापसाची गाठ होती, बंदर होते, जहाज होते. मग तो पैसा कंपन्यांच्या शेअरांत शिरला. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या वर गेला, म्हणजे जी जमीन अजून समुद्राखाली होती तिची किंमत कागदावर दसपट झाली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा पैसे द्यायला कोणी उरले नव्हते. शेअर तारण ठेवून कर्जे वाटणारी बँक ऑफ बॉम्बे अखेर १८६८ मध्ये गुंडाळली गेली. ज्यांनी कधी शेअर हातात धरला नव्हता त्यांनाही झळ लागली. त्या तेजीतले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आज त्या काळाची शान म्हणून दाखवला जातो. त्याच काळाची ही बाजू त्याच्यासोबत सांगायला हवी.

याच शहराने आणखी दोन धडे दिले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पाऊस पडणार की नाही यावर पैजा लागत. हे लोक आभाळ अगदी मन लावून पाहत, ढगांची चाल ओळखत, हरले तर आपल्या खिशातून भरत. तरीही सरकारने १८९० मध्ये जुगारविरोधी कायद्यात दुरुस्ती करून पावसावरच्या पैजा बंद केल्या. त्यांचे पाहणे खरे होते, पण त्यांच्या पैजेने कोणाचे ओझे हलके होत नव्हते. शेतकऱ्याच्या दुष्काळाची जोखीम कोणी आपल्या शिरावर घेत नव्हते. दुसरा धडा मटक्याचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने येत आणि त्यांवर आकडा लागे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले, तेव्हा आकडा थांबायला हवा होता. तो थांबला नाही. मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, पुढे पत्ते आले, आणि उलाढाल वाढतच गेली. माल काढून घेतला आणि बाजाराला पत्ताही लागला नाही! सट्टा आणि जुगार यांच्यातली रेषा दाखवणारा याहून स्वच्छ पुरावा माझ्या माहितीत नाही.

१९३६ मध्ये अर्थतज्ज्ञ केन्सने ही गोष्ट अर्थशास्त्रात मांडली. मालमत्तेच्या सबंध आयुष्यात तिच्यापासून काय उत्पन्न मिळेल याचा अंदाज बांधणे, याला त्याने उद्योग म्हटले. बाजारातल्या इतरांचे मन उद्या कुठे वळेल याचा अंदाज बांधणे, याला स्पेक्युलेशन. म्हणजे बुरुजावरचा माणूस आता रानाकडे पाहत नाही, शेजारच्या बुरुजावरच्या माणसाकडे पाहतो. आपल्या भाषांतही हीच घसरण दिसते. उत्तर प्रदेशात कारखान्याला ऊस घालण्याच्या कराराला आजही सट्टा म्हणतात; तिथे या शब्दात शेत, ऊस आणि शब्द पाळण्याची जबाबदारी आहे. ‘वायदा’ हा अरबी शब्द म्हणजे वचन. अरबीतला ‘मुदारबा’ तर अधिकच विचार करायला लावतो. इस्लामी व्यवहारशास्त्रात एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम यांची नफ्यातली भागीदारी म्हणजे मुदारबा, आणि इस्लामी बँकिंगचा तो एक आधार मानला जातो. आजच्या अरबी वर्तमानपत्रांत शेअर बाजारातल्या सट्ट्यालाही मुदारबाच म्हणतात. तो किती फुगू शकतो हे कुवेतने पाहिले : १९८२ च्या ऑगस्टमध्ये तिथला सूक अल् मनाख हा अनधिकृत शेअर बाजार कोसळला, तेव्हा पुढल्या तारखांचे सुमारे ९४ अब्ज डॉलरचे चेक हवेत तरंगत होते. करार, वचन, भागीदारी असे तिन्ही शब्द विश्वासाचे, आणि तिन्ही पैजेच्या कामी आले.

यावर पहिला आक्षेप अर्थतज्ज्ञांचा असतो आणि तो वजनदार आहे. सट्टेदार नसेल तर बाजारात समोरचा गिऱ्हाईकच नसतो, भाव नीट ठरत नाही, आणि ज्याला जोखीम टाळायची आहे त्याला ती सोपवायला कोणी मिळत नाही. मला हे पूर्ण मान्य आहे, म्हणून तर पुढची विसंगती खटकते. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी यांसह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि पुढे बंदीची मुदत वाढवत नेली. लातूरच्या सोयाबीन उत्पादकापाशी खरा माल आहे, खरी जोखीम आहे. पेरणीच्या वेळी काढणीच्या भावाचा अंदाज देणारा आणि ती जोखीम उचलणारा माणूस त्याला हवा आहे. शेतकरी चळवळीतून ही बंदी उठवण्याची मागणी झाली ती याचसाठी. जिथे सट्टेदार कोणाचे तरी ओझे उचलत होता तिथे दार लावले गेले, आणि जिथे पोते नाही, गोदाम नाही, अशा निर्देशांकाच्या ऑप्शनचे दार सताड उघडे राहिले.

दुसरा आक्षेप भाषेच्या अभ्यासकांचा. शब्दाचा मूळ अर्थ म्हणजे आजच्या अर्थावर चालवायचा हुकूम नव्हे, शब्द बदलतात आणि बदलू द्यावेत, असे ते म्हणतील. बरोबर आहे. स्पेक्युलेटने बुरुजावर परत जावे असा माझा आग्रह नाही. पण शब्दांवर कायदा उभा असतो आणि कायद्यावर माणसांचे संसार. १९६१ च्या आयकर कायद्याने प्रत्यक्ष मालाची देवघेव न होता मिटणाऱ्या सौद्याला सट्ट्याचा व्यवहार ठरवले होते. ही व्याख्या मालाला धरून होती, म्हणून सरळ होती. २००५ मध्ये मान्यताप्राप्त शेअर बाजारांतले डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वायदे आणि ऑप्शन, तिच्यातून वगळले गेले. त्या दिवशी सौद्यात काही बदलले नाही, फक्त त्याचे नाव बदलले. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. त्यानंतर सेबीने साप्ताहिक मुदतींवर मर्यादा घातली आणि सौद्याचा किमान आकार वाढवला. हे योग्यच झाले, पण २००५ मध्ये बदललेले नाव तसेच राहिले आहे.

तेव्हा प्रत्येक सौद्याला तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही नेमके काय पाहिले? कोणाची जोखीम उचलली? चुकलात तर भरणार कोण? रेटसाठी दोन दिवस थांबणारा नजमातला माणूस या तिन्हींत उत्तीर्ण होतो : त्याच्याकडे कमावलेला पगार आहे, उचललेली जोखीम त्याची स्वतःची आहे, आणि दर फिरला तर नुकसानही त्याचेच. त्याला जुगारी म्हणणे अन्याय आहे; तो अंदाज बांधतो. तव्वाश पहिल्या प्रश्नाला उतरतो, तिसऱ्याला अडखळतो. पावसावर पैज लावणारा दुसऱ्याला नापास होतो. साप्ताहिक ऑप्शनवर फोनवरून बोट फिरवणारा बहुतेकदा पहिल्यालाच. मराठीला यासाठी शब्द उसने आणावे लागत नाहीत. अंदाज, अदमास, अटकळ, सट्टा, जुगार अशी पायरीपायरीने उतरणारी शिडी आपल्याकडे आहे, आणि तिची प्रत्येक पायरी बोलीत जिवंत आहे. ती सोडून आपली वर्तमानपत्रे आणि वाहिन्या ऑप्शनमध्ये हात पोळलेल्या प्रत्येकाला ‘गुंतवणूकदार’ म्हणतात. या एका शब्दाने बुडालेल्याला आपण काय केले ते कळत नाही आणि उद्या उतरणाऱ्याला आपण कुठे उतरतो आहोत ते दिसत नाही. मराठी संपादकांनी हा वापर थांबवावा. ज्याने कंपनी पाहून शेअर घेतला आणि ठेवला तो गुंतवणूकदार. ज्याने दुसऱ्याची जोखीम जाणूनबुजून अंगावर घेतली तो सट्टेदार, आणि या नावाची त्याला लाज वाटण्याचे कारण नाही. ज्याने यातले काहीच केले नाही त्याच्या व्यवहाराला जुगार म्हणावे, मग तो कितीही देखण्या ॲपवर झालेला असो.