पुढचा टॅब्लेट मोंढ्यात टिकणारा हवा

सुतार रंधा घेताना त्याची धार पाहतो आणि शिंपी मशीन घेताना टाका पाहतो. आपले व्यापारी बंधू टॅब्लेट घेताना मात्र किंमत विचारतात, पडदा किती इंचाचा आहे ते पाहतात व पैसे मोजून मोकळे होतात. हातात मावणारा इंटरनेटचा टॅब्लेट आता शोभेची वस्तू राहिलेली नाही. २०१६ मध्ये यूपीआय आले, २०१७ मध्ये जीएसटी आणि २०१८ मध्ये ई-वे बिल. २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीत स्वतः फोटो काढून करू लागला. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी घेतली. म्हणजे उमरीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावातही आडत, वाहतूक व खरेदी या तिन्ही कामांत हे यंत्र आले आहे. तेव्हा पुढे येणाऱ्या टॅब्लेटमध्ये आपल्याला काय हवे, हे कारखानदाराने ठरवण्याआधी आपणच सांगितले पाहिजे, असे आमचे मत आहे.

मागचा अनुभव काय सांगतो?

२००५ मध्ये नोकियाने '७७०' नावाचे यंत्र 'इंटरनेट टॅब्लेट' म्हणून बाजारात आणले. पडदा ४.१ इंचाचा होता, पण त्यात सिमकार्डही नव्हते व कॅमेराही नव्हता. २०१० च्या पहिल्या आयपॅडलाही कॅमेरा नव्हता. तो पुढच्या वर्षी आला. आपल्या देशात ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅब्लेटचा मोठा गाजावाजा झाला. स्वस्त किंमत हेच त्याचे मोठेपण होते. परंतु २५६ एमबी मेमरी, बोटाने दाबावा लागणारा पडदा आणि थोड्या तासांत उतरणारी बॅटरी यांमुळे विद्यार्थी कंटाळले. २०१२ मध्ये काम आयआयटी मुंबईकडे आले, सुधारलेला 'आकाश-२' निघाला, तरी योजना पुढे बंद पडली. स्वस्त असणे चांगलेच. पण स्वस्त असणे हा एकच गुण असला तर वस्तू कामाला येत नाही. हा धडा आपण विसरू नये.

ऊन, धूळ आणि बॅटरी

अनेक टॅब्लेटच्या पडद्याचा उजेड ३०० ते ५०० निटच्या आसपास असतो. खोलीत तेवढा पुरतो. मोंढ्यातील उघड्या ओट्यावर दुपारी बारा वाजता त्यात आपलाच चेहरा दिसतो, आकडा दिसत नाही. उन्हात वाचायचे तर सुमारे १००० निट तरी हवेत. दुसरी गोष्ट उष्णतेची. आयपॅडची कंपनी स्वतःच सांगते की हे यंत्र ० ते ३५ अंश तापमानात वापरावे. नांदेड जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. मग यंत्र तापून बंद पडले तर नवल ते काय? शिवाय जिनिंगमध्ये रुईचे तंतू आणि मोंढ्यात सोयाबीनची धूळ असते. धूळ व पाण्यापासून बचावाचा 'आयपी ६७' दर्जा चैनीच्या फोनपुरता न राहता साध्या टॅब्लेटलाही मिळाला पाहिजे.

बॅटरी बदलता येणे ही आमची सर्वांत मोठी मागणी आहे. दोन-तीन वर्षांत बॅटरी दमते आणि चिकटवलेले पाठ उघडताना पडदाच तडकतो. मग धडधाकट यंत्र भंगारात जाते. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा यंत्रांची बॅटरी सहज काढता येण्याबाबत कायदा लागू होत आहे. तिथे २० जून २०२५ पासून टॅब्लेटचे सुटे भाग अनेक वर्षे पुरवण्याची सक्तीही आहे. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. पण पोर्टलने पेच उघडत नाही. सुटा भाग उमरीत, निदान नांदेडला मिळाला पाहिजे. तसे झाले तर ग्राहकाचे पैसे वाचतील आणि मोबाईल दुरुस्तीवर पोट भरणाऱ्या आपल्या तरुणांची रोजीही टिकेल.

व्हिडिओ खरा असावा

आता व्हिडिओचा प्रश्न घेऊ. शेतकरी भाड्याचा टेम्पो करून कापूस आणतो. इथे कोणी म्हणतो कवडी जास्त, कोणी म्हणतो रंग उतरला. माल परत न्यायचा तर भाडे दुप्पट, म्हणून तो पडेल त्या भावात देऊन जातो. घरूनच चांगला व्हिडिओ पाठवता आला तर सौदा आधी बोलता येईल. धर्माबादच्या मिरचीचेही तेच आहे. तिथे भाव रंगावर ठरतो.

परंतु आजचे कॅमेरे चित्र सुंदर करण्याच्या नादात रंग आपोआप चढवतात. पिवळसर कापूस पांढरा दिसतो, फिकी मिरची लालभडक दिसते. तराजूत काटा मारणे आणि चित्रात रंग मारणे यांत आम्हाला फरक वाटत नाही. माल उतरल्यावर दोन्हीकडे भांडणच होते. म्हणून रंग जसाच्या तसा ठेवणारे एक बटण, कापसाचा तंतू दिसेल इतक्या जवळून स्पष्ट चित्र घेणारी काच, आणि चित्रणावर तारीख व ठिकाण उमटण्याची सोय हवी. ठिकाणासाठी जीपीएस लागते. फक्त वायफायवर चालणाऱ्या अनेक टॅब्लेटमध्ये ते नसते, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

व्हिडिओत ओलावा मात्र दिसत नाही. महामंडळ ८ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, १२ टक्क्यांपर्यंत कपात करून घेते आणि त्यापुढे घेत नाही. म्हणून ओलावा मोजणारे मीटर थेट टॅब्लेटला जोडता यावे व त्याचा आकडा व्हिडिओवरच उमटावा.

शेतातून व्हिडिओ पाठवताना नेटवर्क दगा देते. पाहण्याचा वेग बरा असतो, पाठवण्याचा कमी. चित्र कमी डेटात बसवण्याची 'एव्ही१' ही पद्धत २०१८ मध्ये आली. असे व्हिडिओ उघडण्याची सोय बऱ्याच नव्या चिपमध्ये आहे. पण चित्रण करतानाच तसे दाबून घेण्याची सोय मोजक्याच चिपमध्ये आहे. शेतकऱ्याला गरज आहे ती या दुसऱ्या सोयीची. नेटवर्क गेल्यास चित्रण यंत्रात जपून ठेवावे आणि रेंज येताच आपोआप पाठवावे. बोलताना चित्र थांबले तरी आवाज तुटू नये. माईकने हमालांच्या गलक्यातही बोलणाऱ्याचा शब्द टिपावा. तेलंगणाला लागून असलेल्या आपल्या भागात मराठी, उर्दू व तेलुगू तिन्ही चालतात. तेव्हा बोललेला भाव तिन्ही लिप्यांत बिनचूक उमटला तर वहीतला घोळ कमी होईल.

महाग पडेल, असे म्हणतील

होय, थोडे महाग पडेल. पण हिशेब पुरा मांडा. दर दोन वर्षांनी नवा घ्यावा लागणारा स्वस्त टॅब्लेट, की बॅटरी बदलून सहा वर्षे चालणारा जरा महाग टॅब्लेट? धंदेवाईक माणसाला याचे उत्तर शिकवावे लागत नाही. शिवाय आम्ही अधिक पातळ यंत्र मागत नाही, पाठीवर चार कॅमेरेही मागत नाही. तो खर्च वाचवून इकडे लावावा एवढेच.

एकट्या ग्राहकाचे कंपनी ऐकत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आडते, जिनिंगवाले व शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी मिळून पन्नास टॅब्लेट एकदम घ्यायचे ठरवले, तर विक्रेत्याला उत्तर द्यावेच लागेल. उन्हात दिसतो का, बॅटरी बदलता येते का, रंग खरा येतो का, जीपीएस आहे का आणि सुटा भाग किती वर्षे मिळेल, हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. पाचही उत्तरे पावतीवर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.