गाण्यालाही ‘मेरिट’ लागते म्हणे!



अमेरिकेतील काळ्या लोकांच्या सोल संगीतावर परवा एका ग्रुपमध्ये बोलणे निघाले. न गाजलेल्या दोन-तीन गाण्यांची नावे मी टाकली. आपल्याच एका कार्यकर्त्याचे उत्तर आले, “गाण्यात दम असता तर ते हिट झालेच असते.”

हे वाक्य ओळखीचे वाटते का? मुलाखतीच्या खोलीबाहेर आपण ते आयुष्यभर ऐकतो. लायकी असती तर निवड झालीच असती! आरक्षणावर बोलताना ज्या मेरिटची आपण चिरफाड करतो, तेच गाण्याच्या बाबतीत मुकाट मान्य करायचे?

फिलाडेल्फियाच्या बिली पॉलचे ‘मी अँड मिसेस जोन्स’ १९७२ च्या डिसेंबरात बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर होते. विवाहबाह्य, चोरट्या भेटींचे गाणे. त्यानंतरचे सिंगल होते ‘ॲम आय ब्लॅक इनफ फॉर यू?’. गळा तोच, अल्बम तोच, कंपनी तीच, गॅम्बल आणि हफ हे निर्मातेही तेच. हे गाणे मात्र ७९ वर अडकले. काही महिन्यांत मेरिट कुठे गेले? हॉटेलात चोरून प्रेयसीला भेटणारा काळा माणूस चालला. मी पुरेसा काळा आहे का, असे तोंडावर विचारणारा चालला नाही.

कोणी म्हणेल, हे सिंगल खुद्द बिली पॉललाच नको होते, गॅम्बलने आग्रह धरला. खरे आहे. काळ्या श्रोत्यांच्या यादीतही ते २९ च्या वर गेले नाही, हेही खरे. पण नुकताच पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला माणूस असे गाणे काढायला का कचरतो? दारावर कोण बसले आहे हे त्याला कळत होते, असे माझे मत. गाणे एकदा ऐका. पाय थांबत नाहीत.

शिकागोच्या सिल जॉन्सनचे १९६९ चे ‘इज इट बिकॉज आयम ब्लॅक’ घ्या. काळ्या श्रोत्यांच्या यादीत ११ वे, सर्वसाधारण यादीत ६८ वे. गाणे एकच, कान वेगळे. याच सिलच्या ‘डिफरंट स्ट्रोक्स’मधले तुकडे पुढे हिप-हॉपवाल्यांनी कितीतरी रेकॉर्डमध्ये वापरले आणि स्वतःच्या हक्कासाठी त्याला कोर्टात जावे लागले. म्हणजे उचलण्याइतका दम होता, फक्त यादीत चढवण्याइतका नव्हता!

आणि ‘द लम्पेन’? ब्लॅक पँथर पार्टीचा स्वतःचा सोल बँड. चौघे गायक पक्षाचे साधे कार्यकर्ते, पक्षाचे वृत्तपत्र विकणारे. १९७० मध्ये तुरुंगातल्या बॉबी सीलच्या सुटकेसाठी त्यांनी ‘फ्री बॉबी नाऊ’ ही रेकॉर्ड काढली. कोणत्याही हिट यादीत ती सापडणार नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव आपण त्यांच्याकडून घेतले, छाती फुगवून सांगतो. त्यांची गाणी किती जणांनी ऐकली?

त्या कार्यकर्त्याला मी तिन्ही गाणी पाठवली आहेत. उत्तर अजून आलेले नाही.