शॉपफ्लोअर : डिस्पॅचच्या प्रिंटरलाही मशीन कार्ड हवं

भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. महावितरणची देखभालीची कामंही बहुतेक त्याच दिवशी निघतात. मेन स्विच खाली येतो, राऊटर बंद होतो, प्रिंटरही बंद होतो. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला सगळं चालू झालं की राऊटर प्रत्येक यंत्राला पुन्हा आयपी पत्ता वाटतो. साधे राऊटर आधीचं वाटप विसरलेले असतात. बुधवारी १९२.१६८.१.२५ वर असलेला प्रिंटर आता ३१ वर गेलेला असतो, आणि बिलिंगचा कॉम्प्युटर २५ वरच बिलं पाठवत बसतो. प्रिंटरवर हिरवा दिवा, स्क्रीनवर 'ऑफलाइन', बाहेर माल भरलेली गाडी.

पुढे काय होतं ते या पट्ट्यातल्या प्रत्येक डिस्पॅचवाल्याला पाठ आहे. प्रिंटर बंद-चालू होतो. चौघं जण पुन्हा पुन्हा प्रिंट देतात आणि रांग तुंबते. कुणीतरी ड्रायव्हर काढून टाकतो, मग तो पुन्हा टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. २०२१ साली विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची गंभीर त्रुटी सापडली आणि त्या ऑगस्टपासून मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर टाकण्याचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवला. ते योग्यच झालं. पण आता आयटीवाल्याची वाट पाहायची, आणि तो चाकणच्या तळेगाव चौकात गर्दीत अडकलेला.

खरं तर पहिली तपासणी प्रिंटरपाशीच, कुणाच्याही परवानगीशिवाय होते. प्रिंटरच्या मेनूतून त्याचं स्वतःचं कॉन्फिगरेशनचं पान काढायचं. बऱ्याच लेबल प्रिंटरवर फीडचं बटण दाबून ठेवून तो चालू केला की ते निघतं. पान आलं म्हणजे कागद, टोनर, यंत्र ठीक. त्याच पानावर त्याचा आजचा पत्ता छापलेला असतो. कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या पोर्टपुढे लिहिलेला पत्ता त्याच्याशी ताडून बघा. वेगळा असेल तर दोष सापडला. तोच असेल तर त्या पत्त्याला पिंग करा. उत्तर नाही आलं तर केबल, स्विच किंवा वायफाय बघायचं. उत्तर आलं आणि तरी छापत नसेल तर स्पूलर थांबवून अडकलेली कामं काढून टाकायची. एक फसवी गोष्ट इथे सांगायलाच हवी: विंडोज प्रिंटरची खुशाली एसएनएमपीवरून विचारतं आणि तिथून उत्तर आलं नाही की धडधाकट प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवतं. पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीपुढची खूण काढली की अनेकदा छपाई सुरू होते.

हे सगळं कळायला इंजिनिअर लागत नाही. माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. आपल्याकडे एखादा सीएनसी थांबला की ब्रेकडाऊन स्लिप फाटते, संध्याकाळी व्हाय-व्हाय होतो. प्रत्येक मशीनला नंबर, कार्ड, जबाबदार माणूस. प्रिंटरला यातलं काहीच नाही. मेंटेनन्स म्हणतं तो आयटीचा, आयटी म्हणतं तो भाड्याने देणाऱ्या व्हेंडरचा. आणि लाइन मात्र त्याच्यामुळेच अडते. ई-इनव्हॉइस नसेल तर मालाचं जीएसटी बिल तीन प्रतींत लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइसचा क्यूआर कोड सक्तीचा आहे. रस्त्यावर तो कोड मोबाइलवर दाखवला तरी नियमाला चालतं, पण ग्राहक कंपनीच्या गेटवर कागदच मागतात, आणि बिनवर बारकोडचं लेबल नसेल तर माल उतरतच नाही. चाकणच्या वाहन कंपन्या पुरवठादाराला ठरावीक वेळेचा स्लॉट देतात. स्लॉट चुकला की पुढचा हिशेब पुरवठादाराच्या माथी.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटवर्क प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय केली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर निरोप जाई. नव्या झेरॉक्स प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना, म्हणून ती सोय गेली, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची ठिणगी तिथे पडली असं ते सांगतात. थांबलेल्या यंत्राने वाट पाहणाऱ्याला कळवावं, हा विचार आपल्या लाइनवर अँडॉनच्या दिव्यात रोज दिसतो. तो डिस्पॅचच्या टेबलापर्यंत का पोचू नये?

म्हणून लघुउद्योगांच्या मालकांना माझी मागणी साधी आहे. राऊटरमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसवर आयपी कायमचा राखून ठेवा. नुसता प्रिंटरच्या पॅनेलवर पत्ता टाकू नका. तो राऊटरच्या वाटपाच्या पट्ट्यात असेल तर उद्या तोच दुसऱ्या कॉम्प्युटरला जाईल आणि भांडण लागेल. प्रिंटरवर कार्ड चिकटवा: मशीन नंबर, आयपी, मॅक, कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टला केबल आहे, आणि प्रत्येक शिफ्टचा जबाबदार माणूस. बंद पडला तर स्लिप फाडा. बिलिंगच्या टेबलाच्या खणात एक यूएसबी केबल ठेवा, आणि प्रिंटर त्या केबलने थेट जोडून एक बिल येत्या बुधवारीच छापून बघा.