घरचा सर्व्हर बाईच्या हाती

मैत्रिणींनो, घरच्या विम्याची मुदत, मुलांच्या लग्नातले फोटो, सासूबाईंच्या बिनकांदा-लसणाच्या पाककृती हे सगळं आता संगणकावर गेलं. ते नेमकं कुठे ठेवलंय, असं विचारलं की बहुतेकजणी म्हणतात, “मुलाला माहीत आहे.” हे उत्तर मला पटत नाही. घरखर्चाची वही आपण लिहितो, तर या वहीची जागाही आपल्यालाच ठाऊक हवी. म्हणून माझं मत असं, की घरचा छोटा वेबसर्व्हर आपण स्वतः उभा करावा.

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला हवं ते पान काढून देणारा कारकून. त्याला मोठं यंत्र लागत नाही. रास्पबेरी पाय हा संगणक साधारण एटीएम कार्डाएवढ्या पट्टीवर मावतो. मुलांना संगणक शिकता यावा म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी तो २०१२ साली बाजारात आणला. मुलांसाठी काढलेली वस्तू आजीला का जमू नये?

मी कॉमर्सची, त्यामुळे आधी खर्च बघते. पट्टी, चार्जर, मेमरी कार्ड आणि डबी एकदाच घ्यायची. वीज ५ वॅट धरली, तर रात्रंदिवस चालू ठेवूनही महिन्याला ३.६ युनिट होतात. लहानशा एलईडी दिव्याइतकंच.

काम असं. घरच्या संगणकावरून मेमरी कार्डावर रास्पबेरी पायची प्रणाली उतरवायची. मग एका ओळीची आज्ञा देऊन एंजिनएक्स हा मोफत सर्व्हर बसवायचा आणि आपली पानं त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायची. राउटर या संगणकाला घरातला एक पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. घरच्या वाय-फायवर असलेल्या कुठल्याही फोनमध्ये तो पत्ता टाकला की पान उघडतं. पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो कायमचा नेमून द्यावा.

तीन पथ्यं मात्र पाळायलाच हवीत. पहिलं, पासवर्ड आपला स्वतःचा हवा. पूर्वी या प्रणालीत सगळ्यांना एकच ठरलेलं नाव आणि पासवर्ड मिळे. ती सोय २०२२ मध्ये काढून टाकली, ते बरंच झालं. दुसरं, बटण धाडकन बंद करू नये, आधी संगणकाला थांबायची आज्ञा द्यावी; नाहीतर कार्डावरचा मजकूर बिघडू शकतो. कार्ड झिजतंही, म्हणून दर महिन्याला पेन ड्राइव्हवर नक्कल काढून ठेवावी. तिसरं, सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडू नये. राउटरमधून वाट मोकळी केली की जगभरातून कोणीही दार ढकलून बघतं. आधार आणि पासबुकाच्या प्रती या पानांवर ठेवूच नयेत. घरात येणारा पाहुणाही वाय-फाय वापरतोच की! जगाला दाखवायचंच असेल, तर त्या पानांपुरती बाहेर भाड्याची जागा घ्यावी.

“एवढा खटाटोप कशाला, फुकटची जागा आहे ना?” असं कोणी म्हणेल. ती जरूर वापरा, पण तिचे नियम दुसऱ्याच्या हातात असतात, हे विसरू नका.

सुरुवात दहा पाककृतींच्या एका पानाने करा. पायऱ्या साध्या वहीत मराठीत लिहून काढा आणि ती वही सुनेला दाखवा. एकाच माणसाला ठाऊक असलेली गोष्ट त्या माणसाबरोबरच जाते.