भंगार कोणाला म्हणावे?

आपण मराठी माणसे यंत्राची पूजा मोठ्या मनोभावाने करतो. खंडेनवमीला पाने, हातोड्या, पकडी पाटावर मांडतो. दसऱ्याला फटफटीला झेंडूची माळ घालून तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. एवढे केले की वर्षभर त्या यंत्राच्या अंतरंगाकडे पाहायचे नाही, असा आपला शिरस्ता आहे. मग दोनचार वर्षे जिन्याखाली पोते पांघरून उभी असलेली तीच फटफटी एके दिवशी किक मारून मारून चालू होईना, की आपला निकाल तयारच असतो : “इंजिन गेलं. देऊन टाका भंगारात.” या निकालाशी माझे भांडण आहे. जुन्या वस्तूंवरच्या प्रेमापोटी मी हे भांडण मांडलेले नाही. ते प्रेम ज्याला असेल त्याला लखलाभ. हा निकाल दहांपैकी आठनऊ वेळा निखालस खोटा असतो, आणि खोट्या निकालावर आपण चांगले लोखंड वितळवायला पाठवतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

उभ्या उभ्या इंजिन सहसा मरत नाही. मरते ते पेट्रोल. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नव्हे. हलक्या आणि जड अशा अनेक द्रव्यांचे ते मिश्रण असते. गाडी उभी राहिली की हलकी द्रव्ये उडून जातात, उरलेल्यांचा हवेशी संयोग होतो आणि कार्बोरेटरच्या वाटीत तळाशी गोंदासारखा पिवळट-तपकिरी थर बसतो. आता ज्या वाटेने हे पेट्रोल इंजिनाकडे जायचे ती वाट किती रुंद? गाडी जागेवर उभी राहून धडधडते तेव्हा तिला पेट्रोल पुरवणाऱ्या पायलट जेटचे भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते. तेथे गोंदाचा एक थेंब सुकला की दरवाजा बंद. अडीचशे रत्तली यंत्राला सुईच्या टोकाएवढ्या घाणीने अडवून धरले आहे, आणि आपण घराबाहेर उभे राहून भंगारवाल्याशी किलोचा भाव ठरवतो आहोत!

उदाहरण म्हणून राजदूत ३५० घ्या. यामाहाच्या जपानी नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून आपल्याकडे बनवलेली ही दोन सिलिंडरांची, दोन-स्ट्रोकची, ३४७ सी.सी.ची गाडी. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मिकुनी कार्बोरेटर. अशी एखादी गाडी काही वर्षांनी बाहेर काढली, तर ती पुष्कळदा अगदीच मुकी नसते. चोक ओढला की चालू होते, चोक बंद केला की मरते. किंवा चालू राहते, पण हेंदकाळत, एका पायाने लंगडल्यासारखी. अशा वेळी तीस सेकंदांनी दोन्ही सायलेन्सरांच्या नळ्यांजवळ हात नेऊन पाहावे. एक तापलेली असते, दुसरी थंड. थंड बाजूचा प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल तेथवर पोचतच नाही; ओलाचिंब असेल तर पेट्रोल पोचते आहे आणि ठिणगीचा शोध घ्यायला हवा. या परीक्षेला एक पैसा लागत नाही. लागतो तो एक पाना, आणि निकाल देण्यापूर्वी चौकशी करण्याची बुद्धी.

प्लग कोरडा निघाला तर कार्बोरेटर उतरवणे आले. पहिली गोम येथेच आहे. जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू वरवर पाहता बाजारातल्या नेहमीच्या फुलीसारखे दिसतात, पण त्यांची घडण निराळी असते. साधा पेचकस त्यांत घट्ट बसत नाही. जोर लावताच तो वर उसळतो आणि स्क्रूचे डोके खरवडून निघते. पुष्कळशा कार्बोरेटरांवर जी स्क्रूंची झिजलेली, छिन्नीने ठोकलेली डोकी दिसतात, ती आधीच्या उतावळ्या हातांची सही असते. योग्य पेचकस घेऊन वाटी उतरवावी. फ्लोट काढावा, त्याची सुई काढावी, आणि रबराच्या कड्या आधी बाजूला ठेवाव्यात, कारण साफ करण्याच्या औषधाने त्या फुगतात. मेन जेट आणि पायलट जेट हे दोन्ही उजेडासमोर धरून पाहावेत. मेन जेटमधून गोल, स्वच्छ उजेड दिसेल. पायलटमधून बहुधा काही दिसणार नाही. हे भाग औषधात भिजत घालावेत आणि मग दाबाच्या हवेने प्रत्येक वाट फुंकून काढावी. नुसते जेट नव्हेत, तर कार्बोरेटरच्या अंगातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटाही. एका भोकात फवारा मारला की तो दुसऱ्या कोणत्या भोकातून बाहेर पडतो ते पाहावे. पडला तर वाट मोकळी. न पडला तर पुन्हा भिजत घालावे. सारे कौशल्य या “पुन्हा” मध्ये आहे.

आणि टाचणी घालू नये! हे मी ओरडून सांगतो, कारण या देशात जितके कार्बोरेटर घाणीने बिघडले असतील त्यांहून अधिक टाचणीने, सुईने आणि पोलादी तारेने बिघडले असावेत. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ असते, आणि त्याचे भोक मोजून पाडलेले असते. त्या मापाचा आकडा जेटवर कोरलेला असतो. टाचणीने भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, की त्याचे क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढते. मग गाडी तेवढे पेट्रोल जादा पिते, प्लग काळा पडतो, धूर निघतो, आणि आपण पुन्हा म्हणतो : “जुनं इंजिन, खाणारच.”

शेवटी दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवावे लागतात. मूठ फिरवताच दोघांतल्या पट्ट्या एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. त्यासाठी केबलींचा ढिलेपणा मोजून सारखा करायचा. हवेचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यायचा आणि पुस्तकात दिले आहेत तितके फेरे बाहेर काढायचा. हे न करता एक सिलिंडर उपाशी ठेवून गाडी पळवली, तर दोन-स्ट्रोक इंजिन सूड घेते. पेट्रोल कमी, हवा जास्त, उष्णता बेसुमार, आणि पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. मग मात्र इंजिन खरोखरच जाते. त्याला कारण गाडीचे वय नव्हे.

हे सारे काम शांतपणे बसणाऱ्या माणसाचे अर्ध्या दिवसाचे आहे. तरीही आज कोणत्याही शहरात गाडी ढकलत नेली तर बहुतेक ठिकाणी ऐकू काय येते? “साफ करण्यात अर्थ नाही, साहेब. नवा टाका.” नवा म्हणजे कोणत्या तरी पेठेतून आणलेली, कंपनीचे नाव फक्त खोक्यावर असलेली नक्कल. तिचे जेट कोणत्या मापाचे, तिची सुई कोणत्या इंजिनासाठी, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि बसवणाऱ्यालाही. पण मी मिस्त्रीवर उखडणार नाही. तो असे का म्हणतो हे आपण, गिऱ्हाइकांनी, स्वतःला विचारायला हवे. सुट्या भागाची किंमत आपण निमूट मोजतो, कारण भाग हातात धरता येतो. मजुरीचा आकडा ऐकला मात्र की आपला चेहरा बदलतो : “नुसतं साफच तर केलं ना? त्याचे एवढे?” मिस्त्रीने तीन तास वाट फुंकली, उजेडासमोर जेट धरला, दोन केबली केसाच्या अंतराने जुळवल्या, याची आपल्या लेखी किंमत शून्य. तेव्हा तोही शहाणा झाला. ज्याचे पैसे मिळतात तेच विकू लागला.

ही खोड आजची नाही. गावगाड्यात नांगराचा फाळ शेवटून देणारा लोहार आणि मोडलेले चाक भरून देणारा सुतार यांच्यावाचून शेतकऱ्याचे पान हलत नसे. तरी त्यांना बलुते वर्षअखेर खळ्यावर, आणि मान त्याहूनही खालच्या पायरीवर. वस्तू जोडून ठेवणारा हात आपण नेहमीच खालचा मानला. आम्हा लिहित्या मंडळींची गोष्ट तर विचारूच नका. आमच्या कथांतून बैलगाडीचा कण्हता आवाज आला, जात्याची घरघर आली. मोटारसायकल आली तर ती नायकाला नायिकेच्या दारी सोडण्यापुरती. तिच्याखाली पाठीवर निजून वंगणाने माखलेला माणूस आम्हाला क्वचितच दिसला, आणि दिसला तेव्हाही तो करुणेचा विषय म्हणून, जाणता म्हणून नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात काढलेले दुकान सायकली विकण्याचे आणि दुरुस्त करण्याचे होते. नांगर, पंप, इंजिने हे सारे पुढचे. सायकल उघडून पाहणाऱ्या त्या हातांतून एक कारखानदारी उभी राहिली, हे आपण भाषणांत सांगतो, आणि मुलाने घरची स्कूटर उघडली तर त्याच्या पाठीत धपाटा घालतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. यांना जुन्या गाडीबद्दल फार उमाळा असतो. ते जावा किंवा येझदी शोधून काढतात, तिला आरशासारखे क्रोमियम चढवतात आणि दिवाणखान्यात किंवा उपाहारगृहात काचेमागे उभी करतात. तिच्या टाकीत पेट्रोल नसते. हा गौरव नव्हे, हे पेंढा भरलेले हरीण आहे. अशी गाडी भंगारवाल्याकडे गेली काय आणि काचेमागे गेली काय, ती दुरुस्त करण्याची विद्या दोन्हीकडे सारखीच बुडते.

“पण जुन्या गाड्या धूर करतात, त्याचे काय?” हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही. दोन-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. हा त्याच्या रचनेचाच दोष आहे, आणि कितीही साफसफाई केली तरी तो संपूर्ण जाणार नाही. अशा लाखो गाड्या पुन्हा रस्त्यावर याव्यात असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीसाठी सरकारनेच मर्यादा घालून दिली आहे : धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत. हे मोजमाप गाडी जागेवर धडधडत असताना होते. म्हणजे ते पायलट जेट आणि हवेचा स्क्रू यांच्याच कामाचे मोजमाप आहे! ज्याने जेट नीट साफ केला त्याची गाडी पुष्कळदा या परीक्षेत उतरते. ज्याने टाचणी घातली त्याची नापास होते. दोघींचे वय तेच.

शिवाय गाडी बिघडवण्यात इंधनाचाही हात आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपण २०२५ मध्ये गाठले. आमच्या उसाच्या पट्ट्यात त्याचे ढोल वाजले, आणि शेतकऱ्याच्या पदरात त्यातून दोन पैसे पडत असतील तर मला आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते; पाणी वाढले की ते पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसते, गंज आणते, जुन्या जातीचे रबर फुगवते. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे साडेचौदा पट हवा लागते, इथेनॉलला केवळ नऊ पट. म्हणजे जुन्या मापाच्या जेटमधून नवे इंधन गेले, की मिश्रणात हवा आपोआप जास्त झाली. इंधन बदलले, जेट तोच राहिला, आणि दोष कोणाला? गाडीच्या वयाला. जेटचे माप बदलले तर हे हवेचे गणित पुन्हा बसवता येते, पण हे सांगणारा फलक मला तरी एकाही पंपावर दिसलेला नाही.

हे सांगू शकणारे हातही कमी होत चालले आहेत. १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण-नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवरून कार्बोरेटर गेला. त्या जागी इंजेक्शन आले. ते अधिक चांगले आहे, यात वाद नाही. पण शिकाऊ पोरगा आज गॅरेजात येतो तो कार्बोरेटर न उघडताच तयार होतो, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत ज्यांच्या बोटांत ही विद्या आहे त्यांचे केस पिकले आहेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये “दुरुस्तीचा हक्क” म्हणून एक समिती नेमली, संकेतस्थळही काढले, आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. हक्क मिळाला. तो बजावणारा हात कोठून आणायचा?

आणि सरकारचा दुसरा हात काय करतो ते पाहा. पंधरा वर्षांवरच्या मोटारसायकलची नोंदणी नवी करण्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून तीनशेचे हजार झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ते दोन हजारांवर नेले. मोडीत काढण्याचे धोरण वेगळेच. म्हणजे पंधराव्या वर्षापासून गाडीच्या कानी सरणाची भाषा. उलट २०२१ च्या नियमांप्रमाणे तीच गाडी मूळ रूपात पन्नास वर्षे टिकली तर ती “व्हिंटेज” ठरते. वीस हजार रुपये भरून तिची खास नोंदणी होते, आणि रोजच्या वापराला मात्र ती मिळत नाही. पंधराव्या वर्षी ओझे, पन्नासाव्या वर्षी वारसा! मधली पस्तीस वर्षे तिला कोणी जगवायचे, कोणत्या पेट्रोलवर, आणि कोणत्या मिस्त्रीच्या हातून? १९८३ ची राजदूत २०३३ मध्ये पन्नास वर्षांची होईल. तेव्हा कोणी तरी अधिकारी तिच्याभोवती फिरून तिचे दोन्ही कार्बोरेटर मूळचेच आहेत ना, हे वाकून पाहील. आणि ते मूळचे असतील तर ते कोणी, किती वेळा उतरवून साफ केले, हे विचारायला त्याच्यापाशी वेळ असेल काय?