प्रमाणपत्र कारखान्याला, जोखीम कोयत्याला

ऊसतोड मजुरांचे हाल होतच नाहीत, असे साखर उद्योगातला कोणीही जबाबदार माणूस आज म्हणत नाही. आजचा युक्तिवाद अधिक सफाईदार आहे. ‘आमच्या पुरवठा साखळीतल्या जोखमी आम्ही ओळखल्या आहेत, त्यांचे व्यवस्थापन चालू आहे आणि आमच्या साखरेला शाश्वततेचे प्रमाणपत्रही आहे,’ असे आता सांगितले जाते. कारखाने हे बोलतात, त्यांची साखर घेणाऱ्या शीतपेय आणि मिठाईच्या कंपन्या बोलतात, या दोघांना सल्ला देणारेही बोलतात. मला हा दावा मुळातूनच अमान्य आहे. या साखळीत जोखमीचे व्यवस्थापन होत नाही. ती एका पायरीवरून खालच्या पायरीवर ढकलली जाते आणि ज्याच्या खाली आणखी पायरी नाही, त्याच्या डोक्यावर जाऊन थांबते.

ही ढकलाढकली कशी चालते, ते आधी पाहू. तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे गाळप सुरू झाल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखान्याला रोज ताजा ऊस लागतो आणि त्यासाठी तोडणीचे मनुष्यबळ आधीच बांधून ठेवावे लागते. कारखाना वाहतूकदाराला आगाऊ रक्कम देतो, वाहतूकदार मुकादमाला देतो आणि मुकादम बीड, जालना, परभणीच्या गावांत नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, उचल देतो. पाऊस पडून फडात चिखल झाला, कारखान्यात बिघाड झाला, तोडणी थांबली, तर त्या दिवसाची मजुरी नाही. आजारपणामुळे काम चुकले तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही भरावा लागतो. हंगाम लवकर आटोपला तर न फिटलेली बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली, २०२४-२५ मध्ये ती ८१ लाख टनांच्या आसपास घसरली. कारखान्याच्या अहवालात याची नोंद ‘कच्च्या मालाच्या पुरवठ्यातील जोखीम’ अशी होते. कोयत्याच्या घरात त्याचा अर्थ असतो, तोडणीचे दिवस घटले आणि उचल मात्र तेवढीच राहिली.

आता प्रतिपक्षाचे मुद्दे एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा असा की, तपासणी होते, लेखापरीक्षण होते, मगच प्रमाणपत्र मिळते. तपासणी होते हे खरे आहे. पण तपासणी आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाला फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले आहे. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्याला कामगार-हक्कांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले आणि काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, तिथे लागलेल्या आगीत अडीचशेहून अधिक कामगार जळून मेले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांचीही परदेशी ग्राहकांच्या वतीने तपासणी झालेली होती. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसल्यावर खालच्या मजल्यावरची बँक बंद झाली, शिवणकाम करणाऱ्या मुलींना मात्र कामावर बोलावले गेले.

उसाच्या फडात तर तपासणी आणखी तोकडी पडते. तपासनीस कारखान्यात येतो, बॉयलर पाहतो, सांडपाणी पाहतो, कायम कामगारांचे हजेरीपत्रक पाहतो. तोडणी मजुरांची टोळी मात्र आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात असते. शिवाय कोयता म्हणजे जोडी. हिशेब मुकादमाच्या वहीत आणि तोही पुरुषाच्या नावावर. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी बाई कोणत्याच कागदावर नसते. जिचे नाव नोंदीत नाही, तिच्यावरची जोखीम तपासनिसाला सापडणार कशी?

ती जोखीम सापडली, पण प्रमाणपत्राच्या वाटेने नाही. २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे आकडे आले, त्यांनुसार बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण २.६ टक्के होते. वयोगटाचा फरक हिशेबात धरला तरी ही तफावत योगायोगाची नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत ओझी उचलायची, फडावर शौचालय नाही, धुण्यापुरते पाणी नाही, पाळीत विश्रांती घेतली तर खाडा. या परिस्थितीत गर्भाशय काढून टाकणे हा ‘उपाय’ वाटू लागतो. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या साखरेचा हा माग कोका-कोला आणि पेप्सिको यांच्यापर्यंत काढला, तेव्हा जग दचकले. बीडच्या गावांना त्यात नवे काही नव्हते.

दुसरा मुद्दा कायद्याच्या आडोशाने येतो. ‘हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत.’ पण तोडणीचा कार्यक्रम कोण ठरवतो? कोणत्या शिवारात टोळी कधी जाणार, हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. दर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्या वाटाघाटीत ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढीचा करार झाला, तोही याच दोन पक्षांत. दर ठरवताना मजूर आपला आणि अपघात झाला की मुकादमाचा, ही भूमिका टिकणारी नाही.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. ‘उचल मजूरच मागतात आणि घेऊन पळूनही जातात.’ उचल बुडाल्याने कर्जबाजारी झालेले, ट्रॅक्टर विकावा लागलेले वाहतूकदार शेतकरी पश्चिम महाराष्ट्रात आहेत. त्यांचे दुःख खोटे नाही. पण हा मुद्दा माझेच म्हणणे सिद्ध करतो. मजूर मिळण्या-न मिळण्याची जोखीम कारखान्याची होती, ती त्याने वाहतूकदाराच्या सातबाऱ्यावर टाकली. वाहतूकदार ती वसूल करण्यासाठी मुकादमामागे लागतो, मुकादम टोळीमागे, आणि त्यातूनच मजुरांना डांबून ठेवण्याचे, मारहाणीचे प्रकार घडतात. कर्जापोटी माणसाला कामाला जुंपणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे, आणि किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही संविधानाच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे. गरजेपोटी मागितलेली उचल ही ‘राजीखुशी’ नव्हे.

चौथा मुद्दा यंत्राचा. हार्वेस्टर आले की प्रश्न मिटेल, असे सांगतात. यंत्राला माझा विरोध नाही. पाठीचे मणके झिजवणारे काम यंत्राने केले तर चांगलेच. पण त्याला रुंद सरी आणि मोठे सलग क्षेत्र लागते. तुकड्या-तुकड्यांच्या रानात, पडलेल्या उसात ते अडते. म्हणून टोळ्या अजून बरीच वर्षे लागणार आहेत. आणि यंत्राने कारखान्याची जोखीम मिटते, मजुराची मिटत नाही. यंत्र घेणाऱ्याला अनुदान आहे. यंत्रामुळे काम जाणाऱ्या माणसासाठी काय आहे?

राहिला खर्च. इथे शेतकऱ्याची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दरातून, कापला जातो. मजुरी वाढली की झळ ऊस उत्पादकाला बसते. म्हणून हा खर्च साखरेच्या ग्राहक कंपनीपर्यंत पोहोचलाच पाहिजे. हिशेब अवघड नाही. साखरेचा उतारा साधारण दहा टक्के धरला, तर एक टन उसातून शंभर किलो साखर निघते. मजुरांसाठी टनामागे ५० रुपये जादा खर्च केले, तर किलोमागे ५० पैसे पडतात. शाश्वततेच्या जाहिराती करणाऱ्या कंपन्यांना हे ५० पैसे परवडत नाहीत, असे कोणी तोंड वर करून सांगावे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, जोखीम म्हणजे कोणाची जोखीम, हे ठरवणे. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये उद्योग आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत कंपनीला होणाऱ्या तोट्याच्या आधी माणसांना होणारी इजा शोधायला सांगितले आहे. त्या कसोटीने शोध फडापासून सुरू झाला पाहिजे. टोळीतल्या प्रत्येक माणसाची, स्त्रीचीही, कारखान्याच्या दप्तरी स्वतंत्र नोंद हवी आणि तिची मजुरी तिच्या खात्यात जायला हवी. प्रत्येक खेपेची वजनपावती टोळीच्या हाती पडली, तर काटामारीची शंका राहणार नाही.

दुसरी गोष्ट, जी जोखीम ज्याच्या आवाक्यातली, ती त्यानेच उचलणे. कारखाना बंद पडला किंवा तोडणी थांबली, तर त्या दिवसांचा भत्ता कारखान्याने द्यावा. हंगामाआधीची रक्कम द्यायचीच असेल, तर ती कारखान्याने थेट, बिनव्याजी आणि लेखी हिशेबाने द्यावी. हंगाम संपला की बाकी संपली, ती पुढच्या वर्षावर चढता कामा नये. खाडा तर बंदच व्हावा. फडावर पाणी, फिरते शौचालय आणि पाळणाघर हा तोडणी खर्चाचाच भाग मानावा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारने तितकेच द्यायचे, ही तरतूद आहेच. एक हजार लाख टन गाळपाला दोन्ही मिळून २०० कोटी होतात. ते वेळेवर जमा होतात का आणि मजुरापर्यंत पोहोचतात का, हे दर हंगामाअखेर जाहीर झाले पाहिजे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ग्राहक कंपन्यांना कराराने बांधणे. राणा प्लाझानंतर बांगलादेशात झालेला ‘अकॉर्ड’ हा याचा पुरावा आहे. दोनशेहून अधिक ब्रँड आणि कामगार संघटना यांनी कायद्याने बंधनकारक करार केला. त्याखाली सुमारे १,६०० कारखान्यांची तपासणी झाली, अहवाल जाहीर झाले, दुरुस्तीचा पैसा उभा करण्याची जबाबदारी ब्रँडवर आली, धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क कामगाराला मिळाला आणि करार मोडणाऱ्या ब्रँडला लवादापुढे खेचता येऊ लागले. स्वयंघोषित आचारसंहितांना जे वर्षानुवर्षे जमले नव्हते, ते काही वर्षांत घडले. महाराष्ट्राच्या साखरेला असाच करार हवा. त्यात एक अट आवर्जून हवी. दोष सापडला म्हणून खरेदी थांबवून निघून जायचे नाही, दोष दूर होईपर्यंत खरेदी आणि जबाबदारी दोन्ही सांभाळायच्या. पळून जाणारा ग्राहक स्वतःची अब्रू वाचवतो आणि संकटाचे ओझे पुन्हा कोयत्यावर टाकतो.

ही अपेक्षा फार मोठी नाही. प्रत्येकाने आपली जोखीम स्वतः उचलावी, एवढीच आहे. ज्या साखळीत सर्वांत कमी कमावणारी बाई सर्वांचा धोका अंगावर घेते, ती साखळी कितीही प्रमाणपत्रे टांगली तरी शाश्वत नाही. कारखान्याने, ग्राहक कंपनीने आणि सरकारने हा धोका वाटून घेतला, तरच महाराष्ट्राच्या साखरेला शाश्वत म्हणवून घेण्याचा अधिकार राहील.