सूर्य आमचा, जमीन आमची; मग हिशेब कोणाचा?



रात्री दोन वाजता लाइट येते, म्हणून आम्ही बॅटरी घेऊन बांधावर उभे. पायाखाली साप, उसात बिबट्या. कारखान्याला दिवसा वीज आणि शेताला रात्री, हा न्याय मंडळाच्या काळातला. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, न्याय मात्र तोच राहिला. आता महावितरण म्हणते, शेतीची वीज सूर्यावर चालवू, दिवसा देऊ. सूर्याला आमचा विरोध नाही. दिवसा वीज हीच तर आमची मागणी. पण सूर्याच्या नावाने कोणी आमच्या तोंडाला पाने पुसणार असेल, तर ते चालणार नाही.

योजना नीट समजून घ्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली, २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ पॅनेल उभी करायची आणि ती वीज तिथूनच शेतीच्या फीडरला द्यायची. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. वीज तयार करणाऱ्याला युनिटला तीन रुपयांच्या आसपास. कोळसा लांबून आणा, तो जाळा, वाटेतली गळती सोसा, यातले काहीच नाही. मग ही बचत कोणाच्या खिशात जाणार?

सरकार म्हणते, साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे बिल माफ केलेच आहे. ही माफी एप्रिल २०२४ ते मार्च २०२९, पाच वर्षांची. पॅनेलचा करार पंचवीस वर्षांचा. मग २०२९ नंतर आमचे बिल कोणत्या दराने? आम्हाला खैरात नको. स्वस्त विजेचा स्वस्त दर कागदावर लिहून द्या. आणि मोजणार कसे? लाखो पंपांना मीटरच नाही. अश्वशक्तीवर अंदाजे युनिटे मांडायची आणि गळती, चोरी शेतीच्या नावावर खपवायची, हा आमचा आरोप जुनाच आहे. सूर्य आला म्हणून तो मिटत नाही.

दुटप्पीपणा पाहा. जून २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी प्रकल्पांची तूट भरायला. कंपनीची तूट भरली की ते प्रोत्साहन, शेतकऱ्याची भरली की तो तिजोरीवरचा बोजा!

वाऱ्याचा धडा आपल्या घरचाच आहे. साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. ज्याने जमीन एकदाच विकून टाकली, त्याला फिरत्या पात्याच्या कमाईत वाटा नाही. म्हणून जमीन विकू नका. भाड्याने द्या, करार मराठीत वाचून घ्या, मगच सही करा.

जिल्हा बैठकीत हे ठराव हात वर करून मंजूर करा :

१. सौर फीडरवर दिवसा सलग आठ तास थ्री फेज वीज. खंड पडला तर भरपाई.

२. प्रत्येक डीपीवर मीटर, आणि त्याचा आकडा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर.

३. गायरानावर पॅनेल लावण्याआधी ग्रामसभेचा ठराव. गुरे कुठे चरणार, ते आधी सांगा.

४. कुसुम योजनेत शेतकऱ्याने स्वतःच्या रानात वीज तयार करून विकण्याची तरतूद २०१९ पासून आहे. तिला बँकेचे कर्ज जोडा.

उसाचा भाव मागताना आपण काटा तपासायला शिकलो. आता मीटर तपासायला शिकू. ऊन आपल्या रानात पडते; त्याचा हिशेबही आपल्या रानातच झाला पाहिजे.